इंग्लंडमध्ये हॉट एअर बलून राइड : बाबांचा गुडघा बदललाय, नेऊ का नको?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला पाहिजे. ताई ब्रिस्टलला असते, मे एंडला आई-बाबांना घेऊन तिच्याकडं चाललोय, तीन आठवडे. बाबांचं एकच म्हणणं, लंडन नाय दाखवलं तरी चालंल पण मला त्या फुग्यात बसव. त्याला कारण हाय. २६ नोव्हेंबर २००५ ला विजयपत सिंघानिया मुंबईतनं बलूनमध्ये बसून २१ किलोमीटर वर गेलते, जागतिक विक्रम, आणि उतरले आपल्या महाराष्ट्रातच, नाशिक जिल्ह्यात सिन्नरकडं. बाबा तेव्हा एसटीत ड्रायव्हर, त्या दिवशी नाशिकचीच गाडी होती त्यांच्याकडं, स्टँडवर जो तो तेच बोलत होता आणि ह्यांना परतीची वेळ झाली म्हणून गाडी काढावी लागली. वीस वर्षं झाली पण तो दिवस अजून सांगतात. सिंघानिया तेव्हा ६७ वर्षांचे होते आणि बाबांना यंदा ६७ लागलं, त्यामुळं आता तर ऐकतच नाहीत.

अडचण अशी की गेल्या नोव्हेंबरात बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सांधा बदललाय. चालतात व्यवस्थित, सोलापुरात कंबर तलावाला रोज फिरायला जातात. आईला काही नाही पण ती भित्री, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेली तरी पाळण्यात बसत नाही.

कोण गेलंय का तिकडं? टोपलीत चढायचं कसं, किती वेळ उभं राहावं लागतं, पैसे किती, आणि ब्रिस्टल बरं का दुसरीकडं कुठं? सविस्तर सांगा प्लीज.

विजापूररोड_टू_बाथ

दादा आम्ही दोघं गेलतो दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, ब्रिस्टलच्या शेजारीच बाथ म्हणून गाव आहे, तिथून. सविस्तर मागितलंय तर सविस्तरच सांगतो.

तिकडं बलून दोनच वेळेला उडवतात, पहाटे सूर्य उगवल्या उगवल्या नाहीतर संध्याकाळी सूर्य मावळायच्या दोनएक तास आधी. दुपारी नाही. का ते आपल्या सोलापूरकराला सांगायची गरज नाही खरंतर, मे महिन्यात मोकळ्या रानात दुपारी वावटळ उठते बघा आणि घारी पंख न हलवता वर वर जातात, जमीन तापून गरम हवा उसळत असते. तसल्या हवेत फुगा सापडला की पायलटच्या हातात राहत नाही. आमची संध्याकाळची होती, जूनमध्ये तिकडं नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो.

जागा म्हणजे रॉयल व्हिक्टोरिया पार्क, चक्क गावातली बाग, लोक कुत्री फिरवत होते आणि बाजूला आमचा फुगा गवतावर लांबच लांब पसरलेला. आधी पायलटने एक छोटा काळा फुगा सोडला आणि मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसला, मी विचारलं तर म्हणाला वरती वारा कुठल्या उंचीला कुठं वळतोय ते बघतोय. ह्याला स्टिअरिंग नसतं ना. वर-खाली करायचं आणि आपल्याला पाहिजे त्या दिशेचा वारा ज्या थरात आहे तिथं जाऊन थांबायचं, एवढंच हातात. कुठं उतरणार हे निघताना कोणालाच माहीत नसतं. मग मोठा पंखा लावून आधी साधी हवा भरली, कापड जमिनीवरच फुगलं, आणि मग बर्नर चालू केला तर एवढा मोठा आवाज की बायकोने माझा हात गच्च धरला. हळूहळू फुगा उभा राहिला.

टोपलीला दार नव्हतं. बाहेरच्या बाजूला पाय ठेवायला भोकं ठेवलेली असतात, त्यात पाय अडकवत साडेतीन-चार फूट वर चढायचं आणि आत उतरायचं. आत कप्पे, एका कप्प्यात चार जणं, मधल्या कप्प्यात पायलट आणि गॅसच्या टाक्या. बसायला काही नाही, तासभर उभंच.

आता वरचं सांगतो. सुटलो कधी ते कळलंच नाही. विमानासारखा धक्का नाही, पाळण्यासारखं पोटात गोळा येणं नाही, जमीनच खाली खाली जाते असं वाटतं. आणि वारा लागत नाही! अजिबात! कारण आपण वाऱ्याच्या वेगानेच चाललेलो असतो, बायकोच्या केसाची बट सुद्धा हलत नव्हती. खाली रॉयल क्रेसेंट दिसतं, तीस घरं अर्धगोलात एका रांगेत, अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेली, खालून फोटोत कधी पूर्ण मावत नाहीत, वरून घोड्याच्या नालेसारखी स्वच्छ दिसतात. मग गाव संपलं आणि शेतं लागली. आपल्याकडं बांध असतात तसे तिकडं शेताच्या कडेनं झुडपांच्या कुंपणाच्या रांगा, हिरव्या गोधडीला टाके घातल्यासारख्या, मध्ये मेंढ्या. बर्नर बंद असला की इतकी शांतता की खालचा कुत्रा भुंकला तरी शेजारी भुंकल्यासारखा ऐकू येतो. एका ठिकाणी पायलटने एवढं खाली आणलं की झाडाच्या शेंड्याची पानं हाताला लागतील असं वाटलं, मग परत दोन हजार फुटांच्या वर.

पण दादा, उतरणं. हे नीट वाचा. निघायच्या आधी ते उतरताना कसं राहायचं ते शिकवतात, जायच्या दिशेला पाठ, गुडघे वाकवायचे, पाठ टोपलीला टेकवायची आणि आतल्या दोरीच्या मुठी घट्ट धरायच्या. आम्ही एका शेतात उतरलो, एकदा आपटलो, परत थोडे उचललो, परत आपटलो, थोडं अंतर फरफटत गेलो आणि टोपली आडवी झाली. आम्ही आकाशाकडं तोंड करून पाठीवर. कोणाला काही झालं नाही, सगळे हसत बाहेर रांगत आले, पायलट म्हणाला वारा असला की असंच उतरतो. पण बदललेल्या गुडघ्याला हे मी सांगणार नाही. बाबांची एवढी इच्छा आहे त्यामुळं लिहिताना मलाच बरं वाटत नाहीये, पण खोटं सांगून पाठवणं मला जमणार नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी

वरच्या साहेबांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त कापडाचं सांगतो कारण माझा धंदाच तो, आणि वडीलमाणसाच्या मनातली भीती त्यानेच जाईल.

मी ऑगस्टात ब्रिस्टलला अॅश्टन कोर्टच्या मैदानावर बलून फिएस्टा बघितलाय, १९७९ पासून भरतोय तो. पहाटे सहाला एकामागून एक फुगे सुटायला लागतात आणि आभाळ भरून जातं. रात्री उडवत नाहीत, जमिनीवरच बांधून ठेवून गाण्याच्या तालावर बर्नर लावतात, आपल्या होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला जशी गर्दी होते तशी गर्दी. तिथं मी एकाला विनंती करून कापड हातात घेऊन बघितलं. नायलॉन, वजनाला एकदम हलकं, पण विणकामात ठराविक अंतरावर उभा आणि आडवा जाड धागा टाकलेला, त्यामुळं बारीक बारीक चौकटी दिसतात. समजा कुठं फाटलं तर ती चीर पुढच्या जाड धाग्याला जाऊन थांबते. रिपस्टॉप म्हणतात. वरून कोटिंग, हवा झिरपू नये म्हणून. आणि मला जे लई आवडलं ते हे, की माणसांचं वजन कापडावर नसतंच. वरपासून खालपर्यंत मजबूत पट्ट्या शिवलेल्या असतात, भार सगळा त्या पट्ट्यांवर, तिथून स्टीलच्या तारा टोपलीला. खाली तोंडाजवळ जिथं ज्वाळा असते तिथलं कापड वेगळं, आग न धरणारं. मी तीस वर्षं लूमच्या आवाजात काढली, असं काम बघितलं की हात फिरवत राहावंसं वाटतं.

टोपली वेताचीच का, फायबरची का नाही, तर वेत दबतो आणि परत सरळ होतो, आपटल्यावर धक्का खातो. आपल्या बुरुडाचीच कला ही.

आणि बाबांना सांगा, सिंघानियांचा तो बलून ब्रिस्टलच्याच कॅमेरॉन कंपनीने बनवला होता. म्हणजे बाबा बरोबर त्याच गावाला निघालेत.

फिजिओताई_होटगीरोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नोव्हेंबरात ऑपरेशन आणि जूनमध्ये राइड म्हणजे सातच महिने होतात. कंबर तलावावर सपाट चालणं वेगळं आणि गुडघे वाकवून अंगावर झटका घेणं वेगळं. शिवाय चढताना एका पायावर सगळा भार घेऊन दुसरा पाय कठड्यापलीकडं टाकायचा. तिथल्या कंपन्या बुकिंगलाच विचारतात, अलीकडे ऑपरेशन झालेल्यांना बहुतेक जण नाही म्हणतात, काही जण डॉक्टरचं पत्र मागतात. लपवून जाऊ नका, ही कळकळीची विनंती. काही ठिकाणी दार असलेली आणि आत बसायची सोय असलेली टोपली असते, पण ती आधीपासून ठरवावी लागते आणि तुमच्या ऑर्थोपेडिक सर्जनचा होकार पाहिजेच. ह्या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी मांडीचे स्नायू चांगले तयार करून जाऊ दे त्यांना. आईंना हाडं ठिसूळ असल्याचा त्रास आहे का ते पण एकदा तपासून घ्या, ह्या वयात बायकांना तो कळतच नाही.

पंढरपूररोड

आमची राइड तीन वेळा रद्द झाली ओ. पहिल्यांदा वारा, दुसऱ्यांदा पाऊस, तिसऱ्यांदा तर ऊन पडलेलं स्वच्छ आणि तरी नाही म्हणाले, वर वारा जास्त आहे म्हणून. तेव्हा लई राग आलता, आता वाटतं बरोबरच केलं त्यांनी. पण सुट्टी संपली आणि आम्ही न उडताच परत आलो. तिकीट म्हणजे व्हाउचर असतं, रद्द झालं तर दुसरी तारीख देतात, पैसे सहजासहजी परत नाहीत, आणि सोलापूरला येऊन ती दुसरी तारीख काय कामाची? म्हणून माझं ऐका, पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचीच तारीख घ्या आणि पुढचे दिवस मोकळे ठेवा. वीकडेच्या पहाटेचं स्वस्त पडतं, कधीपण चालणारं महाग. दीडशे ते अडीचशे पाउंडाच्या दरम्यान माणशी, म्हणजे आपले सतरा-अठरा हजारापासून पुढं. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बलून बसतं का ते घेतानाच विचारा, सगळ्यांच्यात नसतं.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर पूर्ण थ्रेड बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. उतरायचं आलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, गुडघ्यावर हात फिरवत बसले. कापडाचं मात्र दोनदा वाचायला लावलं. आणि ब्रिस्टलमध्येच बनवलाय म्हटल्यावर उठून आतल्या खोलीत गेले आणि पेपरचं कात्रण घेऊन आले, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं की त्यांनी ठेवलंय.

सकाळी सर्जनला फोन केला, त्यांनी स्पष्ट नको सांगितलं, पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

आणि आता ऐका. आई म्हणते मी जाते. मी तर बघतच राहिलो. म्हणाली त्या दादांनी लिहिलंय ना वारा लागत नाही आणि पोटात गोळा येत नाही, पाळण्याची भीती मला त्या गोळ्याचीच आहे, उंचीची नाही. ह्यांच्या वतीने मी बघून येते आणि सगळं सांगते. बाबा लगेच म्हणाले जा.

आता दोन प्रश्न. आई जन्मभर साडीच नेसते, साडीत चढता येईल का? आणि बाबांना खालून काही करता येईल का, का नुसतं बागेत बसून राहावं लागंल?

विजापूररोड_टू_बाथ

वाचून डोळ्यात पाणी आलं दादा.

साडीत नको. ती पाय अडकवायची भोकं, पलीकडं टाकायचा पाय, आणि आडवं झाल्यावर रांगत बाहेर. पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पँट, ओढणी नको, बर्नर डोक्यावरच असतो. बूट बंद आणि पकड असलेले, पहाटेचं गवत दवाने चिंब असतं आणि उतरतो ते शेतात, चिखल असू शकतो. डोक्याला टोपी द्या, ज्वाळेची धग लागते.

बाबांचं काम तर मोठं आहे. फुगा निघाला की कंपनीची गाडी मागे ट्रेलर लावून खालून पाठलाग करते, पायलट वायरलेसवर बोलत राहतो, आणि रस्ता कुठं, शेताचं फाटक कुठं, हे बघत बघत ती गाडी जिथं फुगा उतरेल तिथं पोचते. मग शेतकऱ्याला विचारून आत जायचं, कापडातली हवा काढायची, गुंडाळायचं. कंपनीच्या गाडीत घेतील का ते विचारा, नाहीतर ताईंची कार घ्या आणि त्या गाडीच्या मागं राहा, आमच्या वेळी एका मुलीचे आई-वडील असेच आले होते आणि आमच्या आधी शेताच्या फाटकापाशी उभे होते. तिकडचे आतले रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडं झुडपांची भिंत. बाबांनी एसटीत घाट चालवलेत, त्यांना पुढच्या सीटवर नकाशा धरून बसवा.

जुळेसोलापूरकर

बुकिंग झालं! २ जून, पहाटेची, बाथवरून, पुढचे आठ दिवस रिकामे ठेवलेत. ताई गाडी चालवणार, बाबा शेजारी. काल नवी पेठेतनं आईला लेसचे बूट घेतले, आयुष्यात पहिल्यांदा. आज सकाळी ते घालून बाबांच्या बरोबर कंबर तलावाला गेली, पंजाबी ड्रेसवर, आणि परत आल्यावर बाबांनी तिला अंगणात खुर्चीच्या पाठीला टेकवून गुडघे वाकवून उभं कसं राहायचं ते तीनदा करून घेतलं. आल्यावर फोटो टाकतो.