गव्हातले सोंडे: काही तांबूस, काही काळे, असं का?

दोन_पायली
मंडळी, परवा वर्षाचा लोकवन गव्हाचा पिंप उघडला. कडुनिंबाचा पाला घालूनही सोंडे झालेच (आमच्याकडे टोके म्हणतात). बायको पाखडते, मी निवडतो, अशी आमची वाटणी. निवडता निवडता दिसलं की एकाच मुठीत काही सोंडे विटकरी, बोटाखाली मऊसर, तर काही काळेकुट्ट, नखाने दाबले तरी दाद न देणारे. मला वाटलं दोन जाती असतील. पुतणी बीएस्सीला आहे, ती म्हणाली, "काका, जात एकच. तांबडे कालपरवा दाण्यातून बाहेर पडलेत. काळं कवच बनवायला त्यांना पोटातले बॅक्टेरिया मदत करतात." पुढचं तिलाही सांगता येईना.

माझं डोकं तिथेच अडकलंय. मला साधं केसतोड झालं तर अंग तापतं. या किड्याच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या जंतू, आणि तो खुशाल! त्याला प्रतिकारशक्ती नसतेच का?

शिळी_पोळी
जेवताना वाचायचा धागा नव्हे. पण उत्तराची वाट बघतेय.

काचपट्टी
असते, आणि चांगली तिखट असते. एमएस्सीला मी सहा महिने हेच किडे गव्हाच्या बरण्यांत पाळले होते, म्हणून जरा लांबण लावतो.

कीटकांकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नाहीत. जंतू घुसला की ते जंतुनाशक पेप्टाइड, म्हणजे अगदी छोटी प्रथिनं, रक्तात सोडतात. सोंड्याच्या अंगात एरवीचे जंतू टोचले तर तोही हेच करतो. मग घरच्या जंतूंना सूट कशी? पुतणीच्या वाक्यात एक दुरुस्ती: ते मोकळे पोटात नसतात. दाणा फोडून अळी काढली आणि सुईने उकलली, की अन्ननलिका मध्य-आतड्याला मिळते तिथे पांढुरका ठिपका दिसतो. मी पहिल्या दहा अळ्या वाया घालवल्या, अकरावीत दिसला. तो वेगळा अवयवच आहे, बॅक्टेरिओम. त्याच्या पेशींत सोडॅलिस नावाचे बॅक्टेरिया खच्चून भरलेले असतात.

आणि खरी गंमत इथेच आहे. या पेशी बाकीची हत्यारं जवळपास म्यान करून ठेवतात, पण कोलिओप्टेरिसिन-ए नावाचं एक पेप्टाइड सतत बनवत राहतात. त्याने बॅक्टेरिया मरत नाहीत, त्यांचं विभाजन अडतं. दोन होण्याऐवजी ते नुसते लांबत जातात. 2011 मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या गटाने अळ्यांमधलं हे एकच जनुक गप्प केलं, तर बॅक्टेरिया अवयवातून निसटून शेजारच्या ऊतींत पसरले. म्हणजे जे हत्यार शत्रूवर चालवायचं, तेच इथे दावणीसारखं वापरलंय.

दुसरी बाजू आहे गळतीची. बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे रक्तात गेले की सगळ्या शरीरात बोंब उठते. त्याच पेशींतलं एक एन्झाइम ते तुकडे जागच्या जागी कातरून टाकतं. 2019 मध्ये ते एन्झाइम बंद करून पाहिलं, तेव्हा बॅक्टेरिया जागेवरच होते, पण किड्याचं शरीर विनाकारण पेटलं. तुमचं केसतोड आठवा.

दोन_पायली
दावण पटली. पण मग काळा रंग?

काचपट्टी
तेवढं राहिलंच. कवच टणक आणि काळं व्हायला टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनांची एक वीट) लागतं, गव्हात ते बेताचंच. सोडॅलिस ते पुरवतो. दाण्यातून निघालेल्या कोवळ्या किड्यात बॅक्टेरिया आधी झपाट्याने वाढतात, आणि कवच पुरं झालं की किड्याच्याच पेशी त्यांना पचवून टाकतात. दोन-तीन आठवड्यांत आतड्याजवळचा साठा साफ! मादीच्या अंडाशयात मात्र राखून ठेवतात, पुढच्या पिढीला द्यायला. गरज सरो अन् वैद्य मरो, हे किड्यांनाही ठाऊक आहे.

उन्हाळी_वाळवण
म्हणून आई गहू उन्हात घालायची का? बॅक्टेरिया मरावेत म्हणून?

काचपट्टी
नाही हो, उन्हात किडेच पळतात किंवा मरतात आणि दाण्यातला ओलावा कमी होतो. बॅक्टेरिया घालवायला प्रयोगशाळेत 35 अंशांवर, दमट हवेत, महिनाभर ठेवतात. तसे बिनबॅक्टेरियाचे किडे जगतात, पण अळी हळू वाढते, अंग फिकट राहतं आणि त्यांना उडता येत नाही.

करडईचा_काटा
प्रत्येक किड्याने हाच मार्ग धरलेला नाही, म्हणून लिहितोय. वाटाण्यावरच्या माव्याचा जीनोम 2010 मध्ये वाचला, तेव्हा बॅक्टेरियांविरुद्धच्या एका मुख्य प्रतिकार-साखळीतली बरीच जनुकंच सापडली नाहीत. उलट काही माव्यांत हॅमिल्टोनेला नावाचा पाहुणा बॅक्टेरिया असतो. परोपजीवी गांधीलमाशीने माव्यात अंडं घातलं तर तिची अळी तो वाढू देत नाही. त्यातही मेख अशी, की संरक्षण मिळतं ते त्या बॅक्टेरियात दडलेल्या विषाणूमुळे. तो विषाणू हरवलेला हॅमिल्टोनेला माव्याच्या काही कामाचा नाही.

दोन_पायली
सगळ्यांचे आभार. विटकरी सोंडे बारा निघाले. मूठभर गव्हासकट काचेच्या बरणीत घातलेत, तोंडाला फडकं बांधलंय. आज चौथा दिवस: सात काळपट, तीन तपकिरी, दोघं दिसत नाहीत. बायको विचारतेय, आपण हे घालवायला बसलो होतो की पाळायला? दोघं बरणीत नसतील तर कुठे असतील, हे तिला अजून सांगितलेलं नाही.