‘परोपजीवी’, ‘परभृत’ की ‘आश्रयघाती’? : एकांड्या मधमाश्यांच्या घरट्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांसाठी शब्द

मूळ प्रश्न

एकांड्या, म्हणजे पोळ्यात न राहता एकेकट्या घरटे बांधणाऱ्या, मधमाश्यांविषयीच्या एका लेखाचे मराठी रूपांतर करताना मी शब्दांपाशी अडलो आहे. या मधमाश्यांच्या बंद घरट्यांतून कधीकधी मधमाशीऐवजी निराळाच कीटक बाहेर पडतो. तो कधी हिरवा-निळा, धातूसारखा चकाकणारा असतो, तर कधी इतका बारीक असतो की तो कीटक आहे हेही भिंगाशिवाय कळत नाही. मूळ लेखात अशा गांधीलमाश्यांसाठी चार-पाच वेगवेगळ्या संज्ञा आल्या आहेत. मी पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘परजीवी गांधीलमाशी’ असे लिहून मोकळा झालो होतो. परंतु पुन्हा वाचताना चार वेगळे धंदे करणाऱ्यांना आपण एकाच आडनावाने हाक मारत आहोत असे वाटू लागले. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे, पण अडचण ‘परजीवी’ या शब्दाच्या आधी ‘गांधीलमाशी’ या शब्दापासूनच सुरू होते. बोलीत गांधीलमाशी म्हणजे वळचणीला कागदी पोळे बांधणारी, पिवळसर-तांबूस, चिडली की डंख मारणारी माशी. मातीचे गाडगे घडवणारी ती कुंभारीण. तिला आपण आपल्या कौतुकाने वेगळे नाव दिले आहे. इंग्रजीतील ‘वास्प’ या शब्दाची व्याप्ती मात्र याहून कितीतरी मोठी असून शास्त्राच्या दृष्टीने तो धड गटही नाही. मुंग्या, मधमाश्या आणि वास्प ज्यात येतात त्या हायमेनॉप्टेरा या गणात दीड लाखांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील बारीक कमरेच्या कीटकांमधून मुंग्या आणि मधमाश्या वगळल्या की जे उरतात त्या सर्वांना वास्प म्हणण्याचा प्रघात आहे. त्यातही मधमाश्या या शिकारी वास्पांच्याच एका शाखेतून निघालेल्या आहेत, म्हणजे मांसाहार सोडून परागाकडे वळलेले ते एक घराणे आहे. त्यामुळे मधमाशीच्या घरट्यात शिरणारी गांधीलमाशी हा एका अर्थी भाऊबंदकीचाच प्रकार ठरतो.

माझ्या मते पहिल्या उल्लेखाला ‘गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील कीटक’ असे स्पष्ट करून पुढे ‘गांधीलमाशी’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरायला हरकत नाही. नाहीतर दीड मिलिमीटरच्या किड्याला गांधीलमाशी म्हटल्यावर वाचक उगाच डंखाची धास्ती घेईल.

आता धंद्यांकडे वळू. ते समजण्यासाठी घरटे कसे असते ते आधी डोळ्यांपुढे आणावे लागेल. एकांडी मादी लाकडातील भोक, पोकळ काडी किंवा जमिनीतील बीळ निवडते. त्यात पराग आणि मकरंद कालवून एक गोळा ठेवते, त्यावर एकच अंडे घालते, माती, पाने किंवा डिंक यांनी तो कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. या गोळ्याला मी ‘शिदोरी’ म्हणतो, कारण आई प्रवासाला येणार नाही हे त्या शब्दात आपसूक येते. बहुतेक जातींत घरटे पुरे झाल्यावर आई पुन्हा फिरकत नाही. लुटारूला त्यामुळे दोन संधी मिळतात : आई पराग आणायला गेली असताना दार उघडे असते तेव्हा, किंवा दार लिंपून झाल्यावर भिंतीतून.

लाकडी ठोकळ्याला पाडलेल्या भोकांपुढे मी एकदा गॅस्टेरप्टिऑन नावाची गांधीलमाशी पाहिली आहे. ती आधी दिसतच नाही. हवेत एक काळी काडी लटकल्यासारखी वाटते. मान लांब, मागच्या पायांच्या नळ्या फुगीर, आणि पोट कमरेच्या इतके वरच्या बाजूला जोडलेले की ते चुकून पाठीवर बसवले असावे असा भास होतो. शेवटी लांबलचक अंडनिक्षेपक (अंडी घालण्याची नळी) आणि त्याच्या टोकाला पांढरा ठिपका. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी ती क्षणभर तरंगे, स्पृशांनी (डोक्यावरच्या मिशांनी) कडा चाचपे आणि पुढे जाई. एका भोकापाशी मात्र ती उतरली आणि पाठमोरी होऊन अंडनिक्षेपक आत सरकवत राहिली. हिची अळी आधी मधमाशीचे अंडे किंवा अळी खाते आणि मग शिदोरीवर वाढते. आता हिला भक्षक म्हणावे, परजीवी म्हणावे की चोर? तिन्ही शब्द थोडेथोडे खरे आहेत, आणि म्हणूनच एकही पुरेसा नाही.

सॅपायजिडी कुळातील गांधीलमाश्यांचा व्यवहार याहून सरळ आहे. त्यांतल्या सॅपायगाची अळी मोठ्या जबड्यांनी मधमाशीचे अंडे संपवते आणि त्यानंतर केवळ परागावर जगते. शिकाऱ्यांच्या कुळात जन्मून शाकाहारी झालेली ही अळी मला मोठी विनोदी वाटते. तिच्यासाठी ‘शिदोरीचोर’ हा शब्द मी सुचवीन. अधिक औपचारिक हवा असल्यास ‘चौर्योपजीवी’ लिहावा, पण तो उच्चारताना जीभ अडखळते.

तुमचा तो हिरवा-निळा चकाकणारा कीटक बहुधा क्रायसिडिडी कुळातला असणार. या कुळात सुमारे 3,000 जाती आहेत. अंगावरचे कवच जाड आणि खाचखळग्यांचे, पोटाची खालची बाजू आत वळलेली. यजमानीण, म्हणजे घरट्याची मालकीण, अंगावर आली की ही माशी डोके आणि पाय त्या खोलगटात घेऊन गोळा होते, आणि चावा घ्यायला कुठेच मऊ जागा सापडत नाही. नांगी जवळजवळ निकामी झालेली असून पोटाच्या शेवटच्या वलयांची दुर्बिणीसारखी सरकणारी नळी हेच तिचे अंडी घालण्याचे साधन आहे. इंग्रजीत या कुळाला कोकिळेचे नाव मिळाले आहे, आणि त्यावरून ‘परभृत’ हा कोकिळेसाठीचा आपला जुना शब्द कुणालाही सुचेल. मात्र तो इथे सरसकट लागू करू नये. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. क्रायस्युरा या प्रजातीची छोटी अळी मधमाशीच्या अळीला चिकटून नुसती वाट पाहते; यजमान अळी शिदोरी संपवून कोष विणते, आणि मग ही तिलाच खाऊन टाकते. याला पोसले जाणे म्हणता येणार नाही. हा दबा धरणे झाला. कुळातल्या काही जाती शिदोरीवरही वाढतात, त्यांना परभृत शोभेल. म्हणजे नाव कुळाला न देता वागणुकीला द्यावे लागते.

दुसरा प्रतिसाद

शब्दांचा एवढा संसार मांडण्याची गरज आहे का, असा माझा प्रश्न आहे. शेतीविषयक मराठी लेखनात ‘परभक्षी’ आणि ‘परोपजीवी’ हे दोन शब्द व्यवस्थित रुळलेले आहेत. मावा खाणारा ढालकिडा परभक्षी, आणि किडीच्या अंड्यात आपले अंडे घालणारी ट्रायकोग्रामा परोपजीवी, दोघेही मित्रकीटक. मधमाशीच्या घरट्यातील प्रकारही यांतच बसवता येईल. फारच बारकावा हवा असेल तर ‘परजीव्याभ’ असा शब्द घडवता येतो.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘परोपजीवी’ रुळलेला आहे हे मान्य, पण तो दोन ठिकाणी वेगळे अर्थ वाहतो. ऊ, जंत, गोचीड यांनाही आपण परोपजीवीच म्हणतो, आणि त्यांचे हित यजमान जिवंत राहण्यात असते. बांडगूळही झाड लगेच मारत नाही. ज्यांच्या वाढीच्या हिशेबातच यजमानाचा मृत्यू धरलेला असतो त्यांच्यासाठी फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ ओडो रॉयटर यांनी 1913 मध्ये ‘पॅरासिटॉइड’ ही स्वतंत्र संज्ञा घडवली ती याच कारणासाठी. ‘परजीव्याभ’ तिचे अक्षरशः भाषांतर आहे; त्यातून ‘परजीव्यासारखा भासणारा’ एवढेच कळते, मारतो हे मुळीच कळत नाही. मूळ संज्ञेतली उणीव मराठीत आणण्याचे आपल्याला काय कारण?

मी आधी ‘यजमानघाती’ असा शब्द योजला होता. परंतु मराठी घरांत ‘आमचे यजमान’ म्हणजे कोण हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच गुन्हा उभा राहील. ‘पोषकघाती’ चालला असता, पण ‘पोषक’ म्हटले की आहारशास्त्र आठवते. म्हणून ‘आश्रयघाती’. विश्वासघातीच्या चालीवर तो कानाला लगेच बसतो, आणि ज्याच्या अंगावर किंवा अंगात राहायचे त्यालाच संपवायचे हा अर्थ फोड न करताही पोचतो.

या शब्दाखाली घरटेलुटारूंपैकी बरेच जण येतात. ल्युकोस्पिस पाहा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे ती डंख मारणाऱ्या गांधीलमाशीचे सोंग घेते, मागच्या मांड्या जाडजूड आणि दातेरी असतात, आणि अंडनिक्षेपक चक्क पाठीवर मुडपून ठेवलेला असतो. गवंडी मधमाशीने सिमेंटसारख्या घट्ट केलेल्या मातीतून ती तो हळूहळू आत घालते. फ्रेंच निरीक्षक झां आंरी फाब्र यांनी हे बारकाईने पाहिले होते. एकाच कप्प्यात एकाहून अधिक अंडी पडली तरी शेवटी एकच अळी जगते, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. टोरिमिडी कुळातील मोनोडॉन्टोमेरस मात्र कोषाला भोक पाडून एकाच मधमाशीवर अनेक अंडी घालते आणि तिची पिल्ले पंगतीला बसल्यासारखी एकत्र वाढतात. दोघीही आश्रयघाती, एक एकलकोंडी, दुसरी समूहाने खाणारी.

म्युटिलिडी कुळाचे नाव देताना जपावे. त्यांच्या माद्यांना पंख नसतात, अंगावर दाट लव असते, आणि इंग्रजी नावाचे सरळ मराठी केले तर ‘मखमली मुंगी’ होते. ती मुंगी नाही, आणि मराठीत ‘मखमली किडा’ म्हणजे मृगाचा तांबडा किडा, तो तर कीटकही नाही, कोळ्यांच्या नात्यातला आहे. दोन चुका एका नावात कशाला? ‘बिनपंखी लवदार गांधीलमाशी’ लांब आहे, पण खरे आहे. ही मादी बंद कप्प्यात पोचून वाढ पुरी झालेल्या अळीवर किंवा कोषावस्थेतील मधमाशीवर अंडे घालते. तिचा डंख जबर असतो, आणि पकडल्यास ती चिरचिर आवाजही करते.

‘परभक्षी’ मात्र मी राखून ठेवीन, पण तो घरट्यात शिरणाऱ्यांसाठी नव्हे. फिलँथस आणि सर्सेरिस या गांधीलमाश्यांच्या काही जाती प्रौढ मधमाशीलाच पकडतात, डंखाने लुळी करतात आणि आपल्या बिळात अळ्यांसाठी साठवतात. फिलँथस तर पकडलेल्या मधमाशीच्या पोटातला मकरंद दाबून काढते आणि स्वतः चाटते. त्या मधमाशीचे घरटे कुठे आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नसते.

मूळ प्रश्नकर्ता

आता चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. एक शंका उरते. भिंगाशिवाय न दिसणारा तो बारीक कीटक कोणता असावा? एका बंद कप्प्यात मला मधमाशीची अळी सुरकुतलेली आणि तिच्यावर पांढऱ्या कणांची रास पसरलेली दिसली होती. मी ते बुरशीचे म्हणून टाकून दिले.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

ती बुरशी नसून युलोफिडी कुळातील मेलिटोबियाच्या अळ्यांची गर्दी असण्याची शक्यता अधिक आहे. एका यजमान अळीवर तिची शेकडो पिल्ले वाढतात आणि त्यांत माद्यांचे प्रमाण प्रचंड असते. नर थोडे, आखूड पंखांचे आणि आंधळे. ते बाहेर पडतच नाहीत, आतल्या आत एकमेकांशी झुंजतात आणि बहिणींशी मीलन करतात. नर न भेटलेली मादीही अडून राहत नाही. हायमेनॉप्टेरात फलन न झालेल्या अंड्यातून सहसा नरच निपजतो, त्यामुळे ती मोजकी अंडी घालते, त्यातून निघालेल्या मुलाशी मीलन करते आणि मग पूर्ण वीण घालते. नात्याचे शब्द इथे अर्थ हरवून बसतात. ‘मुलगा’ लिहावे की ‘नर’, हे तुम्हीच ठरवा. मी ‘नर’ लिहीन.

तिसरा प्रतिसाद

चर्चेत ‘भृंग’ हा शब्द आला नाही याचे नवल वाटले. कीटभृंगन्यायात भृंगी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते आणि भृंगीचा ध्यास घेऊन अळीच भृंगी होते, असे मानले आहे. घरट्यात एक जीव गेला आणि दुसराच निघाला, हे निरीक्षण अगदी अचूक आहे. चुकला तो फक्त मधला दुवा. अळी भृंगी होत नाही, भृंगीच्या पिल्लाचे अन्न होते. ‘भृंगी’ हा शब्द कुंभारणीसाठी पुन्हा वापरात आणता येईल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

कुंभारणीसाठी जरूर, पण आपल्या विषयातील लुटारूंसाठी नको. भृंगी स्वतः घर बांधते आणि स्वतः शिदोरी भरते. फरक इतकाच की तिची शिदोरी अळ्यांची किंवा कोळ्यांची असते. किंबहुना क्रायसिडिडी कुळातील पुष्कळ जाती अशा भृंगींचीच घरटी लुटतात.

मूळ प्रश्नकर्ता

माझे वाक्य आता असे झाले आहे : ‘एकांड्या मधमाश्यांच्या घरट्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांत काही शिदोरीचोर असतात, काही आश्रयघाती, तर काही आधी अंडे फस्त करून मग शिदोरीकडे वळतात.’ याच परिच्छेदात पुढे नोमॅडा आहे. चित्रात ती पिवळ्या पट्ट्यांची गांधीलमाशीच दिसते. तिला शिदोरीचोरांत घालू ना?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शिदोरीचोरांत घाला, गांधीलमाश्यांत घालू नका. नोमॅडा ही मधमाशीच आहे. स्वतः पराग गोळा करायचे सोडल्यामुळे तिच्या अंगावरची लव विरळ झाली आणि रूप गांधीलमाशीचे दिसू लागले. तिची अळी कोयत्यासारख्या जबड्यांनी यजमानाचे अंडे किंवा अळी मारते आणि दुसऱ्या मधमाशीने भरलेल्या शिदोरीवर वाढते. ‘परभृत मधमाशी’ असे लिहिण्याची हौस असेल, तर ती इथे भागवून घ्या.