भावाच्या गांजाच्या झाडाचे फोटो जांभळे येताय, त्याला काय सांगू?

तापीकाठ (चोपडा)
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, तिकडे १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला घरी गांजाची तीन झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे, तर यानेही खोलीत तंबू लावून त्यात एलईडी टांगून तीन लावली आणि आता रोज मला फोटो पाठवतो. झाड छान आहे, फोटो मात्र सगळे जांभळे. पान जांभळं, फूल जांभळं, वरून काळे आडवे पट्टे. त्याला ते फुलावरचे चमकणारे बारीक दाणे दाखवायचेत, ज्याला ट्रायकोम म्हणतात, आणि ते तर नुसती पांढरी भुकटी दिसतात. मी आजवर फुलपाखरं आणि केळीचे घड काढले, इतक्या बारीक वस्तूच्या वाटेला कधी गेलो नाही. आणि इथे सराव तरी कशावर करू? ते झाड तर इथे लावता येत नाही.

जळगावचा_लेन्सवाला
भो, आधी त्याला तो दिवा बंद करायला सांग. त्या जुन्या जांभळ्या एलईडीत फक्त लाल आणि निळा उजेड असतो, हिरवा जवळपास नसतोच. मग व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सोय) कितीही फिरवा, जो रंग उजेडातच नाही तो कॅमेरा आणणार कुठून? दिवा बंद, साधी पांढरी बॅटरी लावायची, तिच्यापुढे ट्रेसिंग पेपर धरायचा म्हणजे उजेड मऊ पडतो, आणि झाडामागे काळं कापड. काळी छत्री उघडून ठेवली तरी काम होतं, मी सगळं असंच काढतो. पट्टे येतात ते दिव्याच्या लुकलुकण्यामुळे, तिकडेही आपल्यासारखी ५० हर्ट्झचीच वीज आहे, तर दिव्याखालीच काढायचं असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघ म्हणावं, बहुतेक वेळा जातात.

आता दाणे. ते दाणे नाहीत, केस आहेत, बारीक देठ आणि वर काचेच्या मण्यासारखं डोकं. डोकं एक दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान. मोबाईलला तो मणी एरवी दिसायचाच नाही. सराफाकडे १० पटीचं भिंग असतं ना, ते मोबाईलच्या लेन्सला चिकटवून धरायचं, जळगावात सोनं तपासायला जे वापरतात तेच. डीएसएलआर असेल तर किटची १८-५५ लेन्स रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवायची, रिंग अगदी स्वस्तात मिळते. फोकस मात्र केसभरच मिळतो, म्हणून कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत २०-२५ फोटो काढून एकावर एक जोडायचे. आणि तंबूतला पंखा बंद! पान एवढंसं हललं तरी सगळी मेहनत पाण्यात.

वनस्पतीवाली_ताई (धुळे)
दादा, सरावाला झाड तुमच्या शेतातच उभं आहे. हरभरा! हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर असेच ग्रंथी असलेले केस असतात आणि त्यांच्या टोकाला आंबेचा थेंब. ती आंब म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, म्हणून तर हरभऱ्यातून चालून आलं की पाय चुणचुणतात. गांजाच्या केसात राळ तयार होते, इथे आम्ल, पण केसाची घडण पाहाल तर ओळखीची वाटेल. टोमॅटोच्या देठालाही असतात, हात लावला की बोटं हिरवी-काळी होतात ना, ते त्यांचंच. सकाळी ऊन तिरपं असताना मागून उजेड येईल असं बसा, थेंब आपोआप उजळतो.

एक गोष्ट भावाला जरूर सांगा, झाडाची रात्र असते, म्हणजे तंबूत रोजचा ठरलेला अंधार असतो, तेव्हा बॅटरी नेऊ नको. गांजा आपल्या शेवंतीसारखा आहे, लांब अंधार मिळाला तरच फुलतो. शेवंतीचा बहार पुढे ढकलायला रात्री बल्ब लावतात ते माहीतच असेल.

अमयनेरना_पोऱ्या
भाऊ, अंबाडी पन काढ. मी दिवाळीच्या सुमारास परसातल्या अंबाडीच्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला तर दोन जणांचे लगेच फोन, हे काय लावलं रे म्हणून. त्यांचीही चूक नाही, अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी. पण नीट बघा, अंबाडीचं पान एकच असतं, खोल कापलेलं, आणि गांजाच्या पानात प्रत्येक बोट सुटं. शिवाय खोडाला बारीक काटे, आणि फूल पिवळं, मधे गर्द लाल, सरळ जास्वंदीच्या घरचं.

आनी कोनी फोटोसाठी म्हणून बी पेरू नका रे, मनापासून सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात, पण झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २०, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. हौस म्हणून एकच झाड अशी सूट नाही. तुन्हा भाऊ जर्मनीमा शे, आपण खान्देशमा.

तापीकाठ (चोपडा)
सगळ्यांचे आभार, ताई तुमचे तर खास. आज साडेसहाला शेतात जाऊन बसलो. लेन्स उलटी, गुडघे ओले, तासाभरात सत्तरेक फोटो, त्यातले बावीस जोडले. एका घाट्यावर केसांची रांग आणि प्रत्येक टोकाला थेंब, एका थेंबात तर बांधावरचं बाभळीचं झाड उलटं दिसतंय, मी पुन्हा पुन्हा मोठं करून बघतोय. आईला दाखवला तर म्हणाली, तुझे आजोबा याच्यावर रात्री धोतर पसरायचे आणि सकाळी पिळून बाटली भरायचे, पोटदुखीला. ती बाटली मी पाहिलेली आहे, आत काय ते आज कळलं.

भावाचाही फोटो आला, पांढऱ्या बॅटरीवर. पान हिरवं आलंय. मणी बहुतेक दुधाळ आहेत, दोन-चार मधाच्या रंगाचे, जांभळ्या उजेडात हे काहीच दिसत नव्हतं. फक्त उजव्या बाजूला फोकस सुटलाय, पंखा बंद केला होता का विचारतो.