वर्डमध्ये कोटेशनचा कायमचा साचा कसा करायचा?

गूळवाला_शाहूपुरी: मंडळी, माझं गुळाचं दुकान हाय, दर वेळी जुनं कोटेशन उघडतो, नाव-दर बदलतो आणि सवयीनं कंट्रोल एस दाबतो, की जुनं गेलंच! काल तर सांगलीच्या पार्टीला कराडच्या पार्टीचं नाव तसंच राहिलेलं कोटेशन गेलं, लई लाज वाटली. उपाय सांगा की.

टायपिंगवाली: अहो, टेम्प्लेट करा. नाव, तारीख, दर मोकळे ठेवा, लेटरहेड राहू दे, मग सेव्ह ॲजमध्ये टाइप 'वर्ड टेम्प्लेट' निवडा, फाईल .dotx होते. पुढच्या वेळी त्यावर डबल क्लिक केलं की नवी, बिननावाची फाईल उघडते, मूळ तसंच राहतं.

रंकाळाकाठ: फक्त राइट क्लिक करून 'ओपन' करू नका भावा, त्यानं साचाच उघडतो. मी तसंच करून एका गिऱ्हाईकाचा पत्ता महिनाभर सगळ्यांना वाटलाय 😅 वर्डसारखंच लिब्रेऑफिस फुकट हाय, त्यात फाईल मेनूत 'सेव्ह ॲज टेम्प्लेट', नंतर कंट्रोल शिफ्ट एन दाबलं की सगळे साचे समोर.

गूळवाला_शाहूपुरी: झालं ओ ताई! पण तारीख आपोआप पडंल काय?

टायपिंगवाली: इन्सर्टमध्ये डेट अँड टाइम, पण 'अपडेट ऑटोमॅटिकली'ची टिक असली तर जुन्या कोटेशनवरपण आजचीच तारीख दिसंल. हातानंच घाला.