थिंक टँकचा सातबारा कुठे बघायचा?

सातारी_नायब

नमस्कार मंडळी. महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. तलाठी म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून सुटलो. जमिनीचा मामला असला की सातबारा उघडायचा. मालक कोण, कूळ कोण, इतर हक्कात बोजा कुणाचा, सगळं समोर. इथे मात्र हात टेकलेत.

धाकटी लेक अर्थशास्त्रात एम. ए. झाली. दिल्लीतल्या एका थिंक टँकमध्ये, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, तिला नोकरी मिळतेय, एक वर्षाचा करार. शेतीच्या पाणीपट्टीवर काम आहे म्हणे. पगार कोण देतं विचारलं तर म्हणाली, "प्रोजेक्टमधून." म्हणजे कोण? "फाउंडेशन." ते कुणाचं? इथे ती वैतागली आणि फोन तिच्या आईकडे गेला.

मेहुणे म्हणतात, असल्या संस्था म्हणजे पक्षांची मागची दारं. शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणतात, सरकारला तोंडावर खरं सांगणारी आता तेवढीच माणसं उरलीत. मी संस्थेची वेबसाइट वाचली. 'स्वतंत्र' आणि 'निःपक्षपाती' हे शब्द मिळून ९ वेळा आलेत. पंचनाम्याला आलेला माणूस तीनदा "मी खोटं बोलत नाही साहेब" म्हणाला की आम्ही त्याच्याकडे जरा निरखून बघायचो.

तर प्रश्न असा, की संस्था खरंच कुणाच्या दावणीला नाही हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

कंदी_पेढा

नायबसाहेब, आधी पगार वेळेवर होतो का ते विचारा. स्वातंत्र्याचं नंतर बघू.

जुना_संशोधक

काका, ११ वर्षं याच धंद्यात होतो, आधी पुण्यात, मग दिल्लीत. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, सगळे थिंक टँक एका माळेचे मणी नाहीत. २०१५ पासूनचा नीती आयोग किंवा आपल्या राज्याचं 'मित्र' ही सरकारचीच अंगं; तुमच्या भाषेत सरकारी जमीन. काही संस्था एखाद्या विचारसरणीच्या आहेत आणि ते त्या लपवत नाहीत. तिसरा प्रकार दिल्लीच्या पीआरएस या संस्थेसारखा, २००५ पासूनचा. संसदेत जाडजूड विधेयक येतं, ते आधी नीट वाचायला खासदाराकडे ना वेळ असतो ना माणसं. हे लोक त्यात काय आहे आणि कुठे प्रश्न उभे राहतात याची टिपणं काढतात. सत्ताधाऱ्याला आणि विरोधकाला तेच टिपण. मंजूर करा की पाडा, हे सांगत नाहीत.

पण निःपक्षपाती म्हणजे मत नसलेला, असं मात्र समजू नका. तुमच्या गावाशीच नातं असलेलं उदाहरण देतो. पुण्याची गोखले संस्था १९३० साली साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून उभी राहिली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ १९६६ पर्यंत तिचे संचालक होते, आणि त्याच काळात प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही. आता यांना तटस्थ म्हणणार? सहकाराच्या बाजूनं ते उघड उभे होते. पक्षाच्या नव्हे. २९ जानेवारी १९३९ ला काळ्यांच्याच नावाच्या व्याख्यानाला बाबासाहेब आंबेडकर आले आणि त्यांनी इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याची चिरफाड केली. अशा माणसाला बोलावणं आणि मोकळं बोलू देणं, हेही संस्थेचं कामच.

पैशाबद्दल. याच गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांचा १९७१ चा गरिबीवरचा अभ्यास फोर्ड फाउंडेशनच्या, म्हणजे अमेरिकी पैशावर झाला. १९६०-६१ मध्ये खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं किमान गरजेच्याही खाली जगत होती, असा त्यांचा हिशेब. निकष काय धरला, आकडे कुठून घेतले, सगळं छापून समोर ठेवलं. त्यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. भांडता आलं, कारण हिशेब उघडा होता. म्हणून मी पैसा कुणाचा याआधी हिशेब दाखवलाय का ते बघतो.

आता माझी ठेच. एका संस्थेत असताना आम्ही एका योजनेचं मूल्यमापन केलं. पैसे देणाऱ्याशी केलेल्या करारात एक कलम होतं: प्रसिद्धीपूर्वी लेखी मंजुरी आवश्यक. मी ते वाचलंच नव्हतं. अहवाल १४ महिने टेबलावर पडून राहिला, आणि बाहेर आला तेव्हा दोन प्रकरणं गायब. कुणी "खोटं लिहा" म्हणालं नव्हतं हो! नुसतं "अजून बघतोय" म्हणत राहिले. तेव्हा लेकीला सांगा, आपलं नेमणूकपत्र वाचतेसच, पण प्रोजेक्टच्या करारातलं हे कलमही विचार.

आणि सगळी अंडी एका टोपलीत आहेत का तेही बघा. दिल्लीचं सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च १९७३ पासूनचं, नावाजलेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये विदेशी देणगीचा परवाना निलंबित झाला, जानेवारी २०२४ मध्ये रद्द. सरकारचं म्हणणं नियमभंग झाला, संस्थेचं म्हणणं नाही. खरं काय ते असो, मधल्या काळात बरीच माणसं गेली. देशातला पैसा मिळवा म्हणणं सोपं आहे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा पैसा, शाळेला जातो, शौचालयाला जातो. धोरणावर टीका करणाऱ्या अहवालाला कोण देणार?

उलट_तपासणी

जुने संशोधक, सगळं मान्य, पण तुम्ही सोपं सोडवलंत. कलम, हिशेब हे सगळं विषय ठरल्यानंतरचं. विषय कोण ठरवतं? ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) हा दिल्लीचाच थिंक टँक १९९० मध्ये रिलायन्सच्या पाठबळावर सुरू झाला. तिथले अभ्यास खोटे असतात असं मी म्हणत नाही, चांगली माणसं आहेत. पण घरधन्याच्या धंद्याला झोंबेल असा विषय कोण सुचवणार? आणि हे फक्त उद्योगपतींचं नाही. परदेशी फाउंडेशनला ज्या वर्षी जे महत्त्वाचं वाटतं, त्या वर्षी आपल्याकडे त्याच विषयावर दहा अहवाल येतात. न विचारलेला प्रश्न कुठल्याच ऑडिटमध्ये सापडत नाही.

जुना_संशोधक

हे खरंय. याला माझ्याकडे औषध नाही. म्हणून तर बिनअटीची ठेव लाखमोलाची.

सातारी_नायब

सगळ्यांचे आभार. उलट_तपासणींचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण मी पैसेवाऱ्या लावल्यात, म्हणजे नेहमीचं पीक रुपया धरून यंदाचं किती पैसे ते ठरवलंय. आमच्या वेळी पीक ५० पैशांच्या आत दाखवलं की टंचाई, वर दाखवलं की काही नाही. मला ३१ वर्षांत कुणी "खोटा आकडा लाव" असं म्हटलं नाही. पण यंदा वरती कुठला आकडा हवाय, हे प्लॉट निवडायला शिवारात जातानाच सगळ्यांना ठाऊक असायचं. कापणी प्रयोग, म्हणजे निवडलेल्या प्लॉटमधलं पीक कापून मोजणं, चोख असायचा. प्लॉट कुठला घ्यायचा, तिथे गंमत.

काल लेकीनं संस्थेला ईमेल करून ते कलम विचारलं. मला वाटलं आता नोकरी गेली. उत्तर आज आलं: देणगीदाराला मसुदा दाखवतात, अभिप्रायाला ३० दिवस देतात, मंजुरी लागत नाही. देणाऱ्यांची यादीही पाठवली, तीन नावं आहेत. पाणीपट्टीचा विषय कुणी सुचवला, हे तिनं विचारलंच नाही. ते मी तिथे गेल्यावर विचारणार आहे. ती म्हणते, बाबा तुम्ही ऑफिसात येऊ नका.

गोवा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत. वेटिंग १४ आणि १५.