गावचा व्हॉट्सॲप ग्रुप: सगळ्यांना बोलायला मोकळा की फक्त सूचनांपुरता?

आवक-जावक:
ग्रामपंचायतीने मोकळा ग्रुप चालवूच नये. मर्यादा 1024 जणांची, आणि आपल्याकडे कोकणात त्यात मुंबईकरच जास्त भरतात. सकाळी सातची 'आज खालच्या वाडीला पाणी नाही' ही सूचना नऊपर्यंत वाढदिवसांखाली गाडली जाते. त्यापेक्षा व्हॉट्सॲप चॅनेल काढा. तिथे उलट उत्तर नाही, बायकांचे नंबर गावभर होत नाहीत. तक्रारीसाठी वेगळा नंबर ठेवा, पण सिम पंचायतीच्या नावावर हवं. सरपंचाच्या खासगी सिमवर ग्रुप चालला की निवडणुकीनंतर तो ग्रुपही त्याच्यासोबत घरी जातो. आलेली तक्रार त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढवायची आणि तो क्रमांक तक्रारदाराला कळवायचा.

खाडीपल्याड:
आणि त्या नंबरवर तक्रार पडून राहिली तर कळणार कोणाला? 'पाखाडीवरचा (पायऱ्यांच्या वाटेवरचा) दिवा बंद' हे ग्रुपवर अख्खी वाडी वाचते, म्हणून तर वायरमन हलतो! मुंबईकरांचं म्हणाल तर घरपट्टी घेताना ते चालतात ना? पावसात गडगा (दगडी कुंपण) ढासळला, हे बंद घराच्या मालकाला कळायला नको? वाडीवार ग्रुप करा, सगळे व्हॉट्सॲपच्या एका कम्युनिटीखाली आणा. घोषणा वेगळी राहते, चर्चा वाडीपुरती. ॲडमिनला केसची भीती वाटते म्हणून ग्रुपला कुलूप लावतात, तेही उगाच. सामायिक हेतू नसेल तर सदस्याच्या पोस्टबद्दल ॲडमिनवर गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच म्हटलंय.

सड्यावरून:
दोघांचाय भांडण रेंज आसलेल्या गावातला! 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांब, टॉवर सगळं कोलमडलं. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हाही फोन लागत नव्हते. पावसाळ्यात व्हॉट्सॲप हे इशाऱ्याचं पहिलं साधन, शेवटचं नव्हे. भोंगा, वाडीवार दोन माणसं आणि फलक ठेवाच.

इशारा लिहायची रीतही चुकते. लेटरहेडचा फोटो टाकतात. तो कमी रेंजमध्ये उघडत नाही, शोधून सापडत नाही. साधा मजकूर लिहा. पहिल्याच ओळीत तारीख, वेळ आणि 'कधीपर्यंत लागू'. तारीख नसलेला रेड अलर्ट पुढच्या वर्षी परत फिरतो. शिवाय जिल्ह्याच्या रेड अलर्टवरून माणूस घर सोडत नाही. चिपळूणला वाशिष्ठी नदीची इशारा पातळी 5 मीटर, धोका पातळी 7 मीटर. आत्ता पाणी किती आणि भरती किती वाजता, हे लिहिलं तर सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरतं.

आवक-जावक:
इशाऱ्याचं मान्य. पण खाडीपल्याड, तुमच्या वाडीवार ग्रुपवर उद्या रस्ता कुठून न्यायचा याचा पोल घेतील आणि 'गावाने ठरवलं' म्हणतील. ठराव ग्रामसभेत होतो, तिथे मतदारयादीतला माणूस लागतो. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातली कमी असेल ती. अंगठा दाखवणारा डोंबिवलीत बसलेला असतो. तक्रारींचंही तेच. 'लाईट नाय' एवढंच लिहितात. खांब कोणता, वाडी कोणती, कधीपासून? फोटोतलं ठिकाण व्हॉट्सॲपवर पाठवताना निघून जातं, तेव्हा लोकेशन वेगळं पाठवायला हवं.

खाडीपल्याड:
पोलला ठराव कोण म्हणतंय? ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी ग्रुपवर टाका, विषयपत्रिकेसकट, म्हणजे चाकरमानी आपलं म्हणणं गावातल्या भावाकडून मांडतील. आत्ता नोटीस चिकटते कचेरीच्या आतल्या भिंतीवर. आणि तुमची आवक नोंदवही चांगलीच आहे, फक्त दर सोमवारी तिच्यातल्या शिल्लक तक्रारी क्रमांकासकट, नावं झाकून, ग्रुपवर टाका. ते करायला ग्रामसेवक तयार असेल तर चॅनेलला माझी हरकत नाही.

आवक-जावक:
दर सोमवारी जमणार नाही, त्याच्याकडे दोन-दोन गावं असतात. पंधरवड्याने टाकेल.

खाडीपल्याड:
पंधरवड्यात पाण्याची तक्रार शिळी होते. पाण्याची दर सोमवारी, बाकीची पंधरवड्याने.