प्रागमध्ये छोट्या गटाबरोबर पायी फिरलात? अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आई आणि मी प्रागला जाऊन आलो. तीन तासांची पायी फेरी घेतली होती, गटात आम्ही आठ जणं. परत आल्यावर घरच्यांनी ऐकवलंच, "मोबाइलमध्ये नकाशा असताना गाइडवर पैसे कशाला घालवलेत?" म्हणून हा धागा. बरे-वाईट सगळे अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

जुन्या टाऊन हॉलला लागून फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रॉस बसवलेले आहेत. सकाळी आम्ही दोघी त्यांच्यावरच उभ्या राहून आइस्क्रीम खात होतो. दुपारी गाइडने नेमकं तिथेच थांबवलं. हॅब्सबर्ग राजवटीविरुद्धचं बंड फसल्यावर २१ जून १६२१ ला २७ पुढाऱ्यांना याच चौकात मारलं, त्यांची ती खूण. आई झटकन बाजूला झाली आणि चुकून पाय लागला की आपण करतो तसा वाकून नमस्कार केला. गाइडला वाटलं, तिचं काहीतरी खाली पडलं. मग त्याला सगळं समजावलं. पुढे चालताना तोही क्रॉस टाळून चालत होता, हे आईने मला दोनदा दाखवलं.

नागपूरहून

आमची "फ्री" टूर होती. मोजले नाहीत, पण पस्तीसच्या खाली नव्हते. गाइडची छत्री दिसायची, आवाज नाही. आम्ही मागे, म्हणून वळणावर पोचेपर्यंत गोष्ट संपलेली. १४१० चं खगोलीय घड्याळ बघायला तर काही विचारू नका बाप्पा! तास पडायच्या आधी सगळे फोन वर. सांगाडा घंटी वाजवतो, खिडकीतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो, खेळ खतम. मला लोकांचे हातच दिसले. शेवटी टिप द्यावी लागतेच, आणि समोर उभं राहून कमी देता येत नाही. चौघांच्या टिपेत छोट्या गटाची फेरी आरामात झाली असती.

साताऱ्याहून

मी निवृत्त गणित शिक्षक, त्यामुळे माझा अनुभव चार्ल्स पुलाचा. आम्ही सहा जण होतो. गाइडबाईंनी वहीवर आकडे लिहून दाखवले. पुलाची पायाभरणी राजा चौथा चार्ल्स याने १३५७ साली, ९ तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली, असं सांगतात. ओळीने लिहा: १ ३ ५ ७ ९ ७ ५ ३ १. उलट वाचलं तरी तेच. बाकीचे "वॉव" म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे राजाने मुहूर्त काढला होता! आमच्याकडे गृहप्रवेशालाही काढतात. (मिनिटापर्यंतची वेळ कुणी लिहून ठेवली होती, ही शंका मी मनातच ठेवली.)

पुढे त्यांनी सांगितलं की चुन्यात अंडी घातली होती अशी दंतकथा आहे आणि एका गावाने म्हणे ती उकडून पाठवली. मी आपल्या जुन्या बांधकामांत चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत ते सांगितलं. बाईंनी "बेल"चं स्पेलिंग विचारून वहीत टिपून घेतलं. ५१६ मीटरचा पूल ओलांडायला आम्हाला पाऊण तास लागला, पण त्यातली पंधरा मिनिटं माझीच.

म्युनिकहून

आई-बाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो. आधी कामाचं: बाबांचे गुडघे दुखतात आणि प्रागचे गोटे गुडघ्यांचे वैरी आहेत. चेक लोक त्यांना "मांजरीची डोकी" म्हणतात, दिसतातही तसेच गुळगुळीत. पावसात घसरतात. फेरी ठरवताना गुडघ्यांचं आधीच कळवलं, म्हणून गाइडने किल्ल्याचा चढ २२ नंबरच्या ट्रामने केला आणि पायी आम्ही फक्त उतार उतरलो. मोठ्या गटात ट्रामची सोय कोण बघणार?

आता बाबा. वेन्सेस्लास चौकात गाइड सांगत होता, सोव्हिएत फौजा देशात घुसल्याच्या निषेधार्थ १९६९ साली यान पालाख या विद्यार्थ्याने इथे स्वतःला पेटवून घेतलं. सगळे गप्प. नंतर खालच्या टोकाला आलो तर समोर काचेची उंच इमारत, वर बाटा. बाबा मोठ्याने, "अरे, ही आपली बाटा!" गाइड म्हणाला, आमची. बाबा म्हणाले, आमची, शाळेचे काळे बूट आम्ही बाटाचेच घ्यायचो. तो म्हणाला, १८९४, झ्लिन गाव, टोमास बाटा. बाबांनी कोलकात्याजवळचं बाटानगर काढलं. गाइडला ते माहीत होतं, बाबांना झ्लिन माहीत नव्हतं. हरल्यावर बाबा तडक दुकानात शिरले, किमती बघून बाहेर आले आणि म्हणाले, "आपली स्वस्त आहे." पालाखच्या जागेपासून पाच मिनिटांवर आम्ही हसत होतो, त्याचं मला जरा अवघडल्यासारखं झालं. गाइडला झालं नसावं.

ठाण्याहून

योसेफोव, जुना ज्यू मोहल्ला. पाच जण. पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) दारात गाइडबाई म्हणाल्या, आत मी बोलणार नाही, तुम्ही जा, मी बाहेर थांबते. आत भिंतीभर नावं, नाझी काळात मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार चेक ज्यूंची, हाताने लिहिलेली. आडनाव लाल अक्षरांत, मग त्या आडनावाची माणसं, जन्मतारखेसह. एका ठिकाणी खालच्या ओळीतल्या मुलाची जन्मतारीख माझ्या आजोबांच्या वयाची निघाली. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत. एकात नुसतं घर आणि झाड होतं.

बाहेर आल्यावर बाईंनी काहीच विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि स्मशानभूमीकडे चालू लागल्या.

पुण्याहून

शाकाहारींसाठी: तळलेलं चीज "स्माझेनी सिर" बिनधास्त मागवा. रस्त्यावर मिळणारा तो साखरेचा गोल पोकळ ट्रडेलनिक जुना प्रागचा पदार्थ समजू नका, आमच्या गाइडने तो खाणाऱ्यांकडे बघून कपाळाला हात लावला होता. आम्ही तरीही खाल्ला. आणि सुटे पैसे जवळ ठेवा, स्वच्छतागृहांत बरेचदा नाणी लागतात.

धागाकर्ती

म्युनिकवाले, ट्रामची सोय फेरी ठरवतानाच विचारली होती की ऐन वेळी? आईला दिवाळीनंतर पुन्हा न्यायचंय, आणि ती आता क्रॉसवरून चालणार नाही म्हणते, त्यामुळे वेळ जास्तच लागणार.